बरोबर उत्तरालाही 'का?' विचारा

ईदचा चंद्र बारीक कोरीसारखा का दिसतो? हा प्रश्न मोहल्ल्यातल्या आठवी-नववीच्या मुलांना विचारून पाहा. एक उत्तर हमखास येईल : 'पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून.' मोठ्या माणसांकडूनही हेच उत्तर येतं. ते चूक आहे. आणि ते चूक आहे हे ओळखायला पुस्तकाचीही गरज नाही.

ज्या मुलाने २९ व्या रोजाला मगरिबच्या वेळी गच्चीवर उभं राहून चंद्र शोधला आहे, त्याच्याकडे पुरावा आहे. सूर्य नुकताच पश्चिमेला मावळलेला असतो आणि कोर त्याच्याच जरा वर, पश्चिमेलाच दिसते. दिवा एका बाजूला असला की सावली दुसऱ्या बाजूला पडते, हेही त्या मुलाला ठाऊक आहे. म्हणजे सूर्य पश्चिमेला असताना पृथ्वीची सावली पूर्वेकडे जाणार. मग ती पश्चिमेच्या चंद्रावर पडेल कशी? पृथ्वीची सावली चंद्रावर पडू शकते ती चंद्र सूर्याच्या बरोबर समोर आल्यावर, म्हणजे चौदाव्या-पंधराव्या रात्री. तसं घडलं की आपण त्याला चंद्रग्रहण म्हणतो. कोर दिसते ती वेगळ्या कारणाने. सूर्यप्रकाशाने चंद्राचा अर्धा गोल नेहमीच उजळलेला असतो, पण त्या दिवशी त्या उजळलेल्या भागाची फक्त कड आपल्याकडे वळलेली असते.

या मुलाकडे माहिती कमी नव्हती. चंद्र कुठे दिसतो हे त्याने पाहिलं होतं, सावली कशी पडते हे त्याला माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या मुलांच्या शाळेतल्या अनेक चुका या जातीच्या आहेत. आपण मात्र त्यांच्यावर 'अभ्यास कमी आहे' असा शिक्का मारतो आणि आणखी पाठांतर लावतो.

पट्टी शून्यापासून सुरू झाली नाही तर?

'असर' या संस्थेने २०२३ साली देशभरातल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची चाचणी घेतली. त्यात एक साधा प्रश्न होता : पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी सांगा. वस्तू शून्यावर ठेवलेली असताना सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिलं. तीच वस्तू पट्टीवर थोडी पुढे सरकवल्यावर बरोबर उत्तर देणारे ३९ टक्क्यांवर आले.

पट्टी तीच आणि वस्तूही तीच. पण बऱ्याच मुलांच्या डोक्यात 'लांबी मोजणे' याचा अर्थ 'टोकाजवळचा आकडा वाचणे' एवढाच होता. हा नियम शाळेतल्या नेहमीच्या प्रश्नांत चालून जातो, म्हणून तो चुकीचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. सुरुवातीचा आकडाही पाहायचा आणि दोन्हींतलं अंतर काढायचं, ही समज त्या खाली कधी तयारच झालेली नसते.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे १९७९ च्या सुमारास दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना एक गंमतीदार गणित घातलं होतं. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी बेरीज-वजाबाकी करून वय सांगून टाकलं. शेळ्या-मेंढ्यांचा कप्तानाच्या वयाशी काय संबंध, असं त्यांनी विचारलं नाही. शाळेत प्रश्न आला की उत्तर असतंच, दोन आकडे दिले की क्रिया करायचीच, हे ती मुलं शिकलेली होती. त्यांनी शाळेचा न लिहिलेला नियम अगदी प्रामाणिकपणे पाळला.

अडचण भाषेची की अकलेची?

आपल्या घरांत दखनी किंवा उर्दू बोलली जाते, शाळेत मराठी असते आणि मोबाईलवर हिंदी. तीन भाषा येणं ही दौलत आहे, पण परीक्षेत ती कधी कधी पाय अडकवते. मराठी उताऱ्यात 'राजाने त्याला शिक्षा दिली' असं वाक्य येतं. हिंदीत शिक्षा म्हणजे तालीम. तो अर्थ धरून बसलेलं मूल पुढच्या चारही प्रश्नांची उत्तरं चुकवतं, आणि तरीही त्याचा तर्क आतून सुसंगत असतो : राजाने शिकवलं, म्हणजे राजा दयाळू. 'चेष्टा' या शब्दाचंही तसंच. हिंदीत तो प्रयत्न, मराठीत थट्टा. पेपर तपासणाऱ्याला फक्त चार चुका दिसतात. एका शब्दामुळे त्या झाल्या हे दिसायचं असेल, तर मुलाशी बोलावं लागतं.

विज्ञानात हा घोळ आणखी वाढतो, कारण पुस्तक रोजचेच शब्द घेतं आणि त्यांना वेगळा अर्थ देतं. 'वजन' घ्या. दुकानात आपण पाच किलो वजनाची पिशवी म्हणतो. पुस्तक सांगतं की किलोग्रॅममध्ये मोजतात ते वस्तुमान, वजन न्यूटनमध्ये मोजतात आणि चंद्रावर ते सुमारे एक षष्ठांश होतं. 'कार्य' घ्या. डोक्यावर सिमेंटची गोणी घेऊन एका जागी तासभर उभ्या राहणाऱ्या मजुराने भौतिकशास्त्राच्या हिशेबाने त्या गोणीवर केलेलं कार्य शून्य आहे, कारण गोणी हललीच नाही. ज्याचे अब्बा बांधकामावर जातात त्या मुलाला हे वाक्य बेइन्साफी वाटणं साहजिक आहे. 'पुस्तकातलं कार्य आणि आपलं काम हे दोन वेगळे शब्द आहेत' एवढं एक वाक्य कुणी आधी सांगितलं, तर तो गोंधळ तिथेच संपतो.

प्रश्नाची भाषाही शिकावी लागते. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले होते. तिथल्या न शिकलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी विचारलं : उत्तरेकडे जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक ठिकाण उत्तरेकडे आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? अनेकांचं म्हणणं असं पडलं की आम्ही तिथे गेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल कसं बोलणार. हेच लोक ओळखीच्या शेतीबद्दल बोलताना चोख तर्क करत. काही काळ शाळेत गेलेल्यांना मात्र अस्वलाच्या प्रश्नाचं उत्तर सहज देता आलं. 'समजा असं आहे, तर काय होईल?' हा खेळ त्यांना माहीत झाला होता. घरातली पहिली पिढी शाळेत जात असेल, तर हा खेळ घरी कुणी शिकवत नाही. तो शिकवण्याची जबाबदारी आपली आहे.

उत्तर बरोबर, रस्ता चूक

चुकलेल्या उत्तराइतकंच लक्ष बरोबर उत्तराकडे द्यायला हवं. ९.९ आणि ९.११ यांत मोठं कोण? काही मुलं म्हणतात ९.११, कारण ११ हे ९ पेक्षा मोठे. चूक दिसते, आपण ती सुधारतो : ९ रुपये ९० पैसे आणि ९ रुपये ११ पैसे. पण दुसरं एक मूल ९.९ असं बरोबर उत्तर देतं आणि पुढे जातं. त्याला कारण विचारलं तर ते म्हणतं, 'दशांश चिन्हानंतर जास्त आकडे असले की संख्या लहान होते.' या मुलाला ४.५ आणि ४.६३ द्या, ते ४.५ मोठे म्हणेल. पहिल्या वेळी त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

आता हिंगोलीकरांच्या ओळखीचं उदाहरण. सगळी हळद शेतमाल आहे. काही शेतमाल परदेशी जातो. म्हणून काही हळद परदेशी जाते. बरोबर की चूक? वसमतच्या बाजाराची कीर्ती ऐकलेला मुलगा लगेच 'बरोबर' म्हणेल. निष्कर्ष खराही आहे. पण वरच्या दोन वाक्यांतून तो निघत नाही. परदेशी जाणारा 'काही शेतमाल' फक्त द्राक्षंही असू शकला असता. बौद्धिक क्षमता चाचणीत अशाच ठिकाणी गुण जातात, कारण मूल दिलेली विधानं सोडून स्वतःला माहीत असलेल्या जगाला उत्तर विचारतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे प्रोग्रामने एकदा बरोबर उत्तर दिलं म्हणून कुणी तो पास करत नाही. वेगवेगळी, मुद्दाम वेडीवाकडी माहिती देऊन तो तपासतात. आणि चुकला, तर कोणत्या ओळीवर चुकला हे शोधतात. नुसती लाल रेघ मारून पुढे गेलं, तर दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा समोर येते.

आता ही गोष्ट जास्त महत्त्वाची झाली आहे, कारण मुलं गृहपाठाची उत्तरं चॅटजीपीटीसारख्या प्रोग्रामना विचारू लागली आहेत. हे प्रोग्राम खूप काही बरोबर सांगतात. पण ९.११ आणि ९.९ या जोडीत २०२४ साली त्यांपैकी काही नामवंत प्रोग्राम चुकत होते, तेही अगदी मुलांसारखेच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपल कंपनीच्या संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यातलं एक गणित असं : शुक्रवारी ४४ किवी तोडले, शनिवारी ५८, रविवारी शुक्रवारच्या दुप्पट, पण त्यांतले पाच जरा लहान होते, एकूण किती? उत्तर १९०. लहान असला तरी किवी तो किवीच. पण काही प्रोग्रामनी ते पाच वजा करून १८५ सांगितलं. ग्रेनोबलच्या मुलांनी शेळ्या-मेंढ्यांचं केलं तेच. फरक एवढाच की यंत्र आपली चूक सुबक पायऱ्या मांडून, आत्मविश्वासाने सांगतं, आणि मूल ती तशीच वहीत उतरवतं. कारण तपासण्याची सवय नसलेल्या मुलाच्या हातात हे यंत्र म्हणजे नवं गाईड आहे, जुन्या गाईडपेक्षा जास्त गोड बोलणारं.

नरसी आणि औंढा

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचं हे जन्मगाव. त्यांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबातूनही भाविक इथे येतात. नामदेवांची एक लोककथा महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. गोरा कुंभाराच्या घरी संत जमले असताना त्यांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर हलकेच थापटलं, मडकं पक्कं की कच्चं हे पाहायला. बाकीचे शांत राहिले, नामदेवांना राग आला. गोरोबांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं.

या कथेतला पुढचा भाग आपण विसरतो. कच्चं ठरलेलं मडकं कुणी फेकून दिलं नाही. नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. कथा सांगते की विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेवांनी हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेवांना तशी जागा सापडेना. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याला. मला त्यातली शिकवण्याची रीत मोलाची वाटते. विसोबांनी व्याख्यान दिलं नाही. नामदेव जे धरून चालले होते तेच त्यांनी तपासायला लावलं.

त्याच औंढ्याजवळ आज लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील. या लायगोच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या डोक्यावर थापटणं मारून घेतल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांच्या यंत्रणेत मोजक्या लोकांनी गुपचूप एक बनावट संकेत सोडला. असं होऊ शकतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण हा संकेत खरा की खोटा हे माहीत नव्हतं. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन् महिने त्याचं विश्लेषण केलं, शोधनिबंध तयार केला, आणि मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडल्यावर कळलं की तो बनावट होता. कुणी अपमान मानला नाही. आपली तर्काची साखळी कुठे कच्ची आहे का, हे पाहण्यासाठीच तो खटाटोप होता. पुढे १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरी लहर सापडली, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला वजन होतं.

जगातलं इतकं बारीक मोजमाप आपल्या जिल्ह्यात होणार आहे. तिथे आपली मुलं फक्त गेटवर उभी राहणार की आत टेबलावर बसणार, हे त्यांना किती पाठ आहे यावर कमी आणि त्यांना चूक शोधता येते का यावर जास्त ठरेल.

आपण काय करू शकतो

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस, हे सगळ्यात जवळचं उदाहरण. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना आठवीत ही परीक्षा देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पहिली ते आठवीची केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाल्यावर आपल्या घरांसाठी तिचं महत्त्व वाढलं आहे. तिचे दोन पेपर असतात, ९०-९० प्रश्नांचे, आणि त्यांतला एक संपूर्ण पेपर बौद्धिक क्षमतेचा. म्हणजे अर्धी परीक्षा पाठांतराची नाहीच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ९० मिनिटांत ९० प्रश्न. तिथे 'का' विचारत बसायला वेळ कुठे? परीक्षेच्या हॉलमध्ये नाहीच. पण कबड्डीचा सराव आणि कबड्डीचा सामना एक नसतो. सराव सावकाश केलेल्यालाच सामन्यात चपळाई येते. आपले मोफत शिकवणी वर्ग मात्र सरावातही सामनाच खेळतात : शंभर प्रश्न, उत्तरतालिका, गुण, घरी. त्याऐवजी आठवड्यातून एक दिवस फक्त दहा प्रश्न घ्या आणि प्रत्येक मुलाला उत्तराखाली एका ओळीत कारण लिहायला सांगा. घरी सुचेल त्या भाषेत, दखनीत लिहिलं तरी चालेल. उत्तरापेक्षा कारण मोठ्याने वाचा. पर्याय निवडताना बाकीचे तीन का सोडले हेही विचारा. 'खालीलपैकी कोणते विधान चूक आहे' यात 'चूक' शब्दाला गोल करण्याची सवय लावा. पहिलंच खरं विधान दिसलं की खूण करणारी मुलं कमी नाहीत.

मुलांना चुकांची एक वही ठेवायला सांगा. त्यात तीनच रकाने : मी काय धरून चाललो, ते कुठे फसलं, आता काय पाहीन. मोबाईल वापरणाऱ्या मुलांना तो काढून घेऊन उपयोग नाही. त्यांना सांगा, प्रोग्रामने दिलेलं उत्तर तपासायला आकडे बदलून विचार, एक निरुपयोगी वाक्य घालून विचार, उलट बाजूने विचार. यंत्राची चूक पकडणारं मूल तो धडा सहसा विसरत नाही.

बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत हयात घालवलेले इब्न अल-हैसम यांचं नाव आपण भाषणांत अभिमानाने घेतो. त्यांनी केलं काय? डोळ्यातून किरण निघतात म्हणून आपल्याला दिसतं, असं मोठमोठे ग्रीक विद्वान सांगून गेले होते. इब्न अल-हैसमनी सूर्याकडे पाहिल्यावर डोळे दुखतात ही साधी गोष्ट पुढे केली. दुखणं बाहेरून येतं, म्हणजे प्रकाशही बाहेरून येतो. टॉलेमीसारख्या मान्यवराच्या ग्रंथांतल्या विसंगतींवर त्यांनी शंकांचं अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा वारसा सांगायचा असेल, तर वर्गात हात वर करून 'हे असं का?' विचारणाऱ्या मुलीला गप्प बसवणं आधी थांबवावं लागेल.

शेवटी, ही फक्त गुणांची बाब नाही. 'काही'वरून 'सगळे' ही उडी तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात चूक म्हणून शिकवतात. टीव्हीवरच्या चर्चेत आणि व्हॉट्सॲपवर तीच उडी रोज मारली जाते : एकाने गुन्हा केला, म्हणून सगळी कौम तशी. तिचा मार आपण खातो, म्हणून ती आपल्याला लवकर दिसते. पण 'त्यांच्यातल्या एकाने असं केलं, म्हणून ते सगळे तसेच' हा मेसेज आपल्या ग्रुपमध्ये आला की आपलं बोट फॉरवर्डवर का जातं? हळदीच्या कोड्यातली चूक पकडायला शिकलेला आठवीतला मुलगा ही चूकही पकडू शकतो, दोन्ही बाजूंची.

येत्या रविवारी तुमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात चार मुलं बसवा आणि ईदच्या चंद्राचा प्रश्न विचारा. उत्तर काहीही येवो, लगेच सांगू नका. फक्त एवढंच म्हणा : सूर्य तेव्हा कुठे होता?